हिवाळी ऑलिंपिक २०२६: प्रत्येकानं एक खेळ दत्तक घ्या

बालाघाटचा_वारा (अंबाजोगाई)

मंडळी, ६ फेब्रुवारीला इटलीत हिवाळी ऑलिंपिक सुरू होतंय, २२ ला संपेल. यजमान दोन: मिलान आणि कोर्तिना द'अम्पेत्झो. दर चार वर्षांनी आपलं एकच ठरलेलं असतं. पेपरात पदकतालिका बघायची, नॉर्वे वर दिसला की "पंचावन्न-छप्पन्न लाखांचा देश, बघा!" म्हणायचं आणि पान उलटायचं. २०२२ ला बीजिंगमध्ये नॉर्वेनं १६ सुवर्णपदकं घेतली, एका हिवाळी स्पर्धेतला तो विक्रम. कशात घेतली, हे आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल?

यंदा ८ खेळ, १६ प्रकार आणि ११६ सुवर्णपदकं आहेत. सगळं बघायला गेलं तर हाती काहीच लागत नाही. म्हणून असं करू. ज्यानं-त्यानं एकच खेळ दत्तक घ्यायचा आणि त्याचे नियम, जुने किस्से, कुणावर नजर ठेवायची ते इथं लिहायचं. अट एकच. "आपल्याकडे बर्फ कुठंय" हे वाक्य या धाग्यावर चालणार नाही. ते सगळ्यांना माहीत आहे.

मी ल्यूज घेतो. घसरगाडीवर उताणं झोपायचं, पाय पुढे, ब्रेक नाही. पोटऱ्यांच्या आणि खांद्यांच्या दाबानं वळायचं. वेग ताशी १३०-१४० किलोमीटरपर्यंत जातो. हिंगोली-जालन्याकडचा शंकरपट ज्यांनी पाहिलाय त्यांना हा खेळ समजावून सांगावा लागणार नाही, कारण जोडी सुटली की खरी शर्यत घड्याळाशी असते. इथं ते घड्याळ सेकंदाचा हजारावा भाग मोजतं. एकेरीत दोन दिवसांत चार फेऱ्या होतात आणि चारींची बेरीज धरतात. तिसऱ्या फेरीत एका वळणावर खांदा जरा उचलला गेला की चार वर्षांची मेहनत गेली.

आणि ल्यूज म्हटलं की शिवा केशवन. मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा. वडील केरळचे, आई इटालियन. १९९८ ला नागानोत गेला तेव्हा वय १६ आणि भारताच्या पथकात तो एकटाच. तिथून २०१८ पर्यंत सलग सहा हिवाळी ऑलिंपिक खेळला. देशात बर्फाची घसरपट्टी नव्हती, म्हणून गाडीला चाकं लावून हिमाचलच्या घाटरस्त्यांवर सराव करायचा, बाजूनं ट्रक आणि मेंढ्यांचे कळप. सोचीला २०१४ मध्ये सरावात भर वेगात गाडीवरून घसरला आणि त्याच घसरणीत पुन्हा गाडीवर चढला! व्हिडिओ शोधून बघाच. त्याची ऑलिंपिकमधली सगळ्यात चांगली कामगिरी इटलीतलीच, २००६ ला तोरीनोत, २५ वा क्रमांक. आईचा देश मानवला म्हणायचं.

बोला, कोण काय घेतंय?

फिरकी_गोलंदाज (जालना)

सर, ७ फेब्रुवारीला टी-२० विश्वचषक सुरू होतोय, तोही आपल्या देशात. ते सोडून लोक घसरगाड्या बघतील असं वाटतं का तुम्हाला? शिवाय आपल्याकडे ब...

बरं, नाही म्हणत.

देवगिरीकर (छत्रपती संभाजीनगर)

फिरकीभाऊ, दोन्ही जमतंय. इटलीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे आहे. उतारावरच्या स्कीच्या मुख्य शर्यती तिथं सकाळी उशिरा असतात, म्हणजे आपल्याकडे दुपारचा चहा. फिगर स्केटिंग, हॉकी वगैरे तिथं संध्याकाळी, म्हणजे आपली मॅच संपल्यावर. उद्घाटन सोहळा मिलानच्या सान सिरो फुटबॉल स्टेडियममध्ये रात्री ८ वाजता, म्हणजे आपल्याकडे ७ तारीख उजाडून रात्रीचे साडेबारा.

आणखी एक गंमत. हे आजवरचं सगळ्यात पसरलेलं हिवाळी ऑलिंपिक आहे. मिलान ते कोर्तिना रस्त्यानं ४०० किलोमीटरच्या घरात. स्पर्धेची ठिकाणं मिळून २२,००० चौरस किलोमीटरचा टापू होतो. आपला अख्खा मराठवाडा ६४ हजारांच्या वर, म्हणजे त्यातला एक तृतीयांश ऑलिंपिकनं व्यापला असं समजा. म्हणून ज्योतीसुद्धा दोन, एक मिलानच्या शांती कमानीपाशी आणि एक कोर्तिनाच्या चौकात. समारोप तिसरीकडेच, व्हेरोनाच्या रोमन काळातल्या रंगमंडलात.

मी आइस हॉकी घेतो. कारण सरळ आहे: अमेरिका-कॅनडातल्या एनएचएल या व्यावसायिक लीगचे खेळाडू २०१४ नंतर पहिल्यांदा ऑलिंपिकला येताहेत. मधल्या दोन ऑलिंपिकना खरी मोठी माणसं नव्हतीच. मिलानमधलं हॉकीचं नवं स्टेडियम मात्र स्पर्धा तोंडावर आली तरी पुरतं झालेलं नाही. काम वेळेत संपवणं इटलीतही अवघडच दिसतंय.

उदगिरी_राजा (उदगीर)

रात्री साडेबाराचं काय घिऊन बसलाव, आमी तर जागेच आसताव. शेतीची लाईट रात्रीचीच येतीय. मोटर चालू करायची, बांधावर मोबाईल बघत बसायचं.

सर, ते दगड सरकवतेत आन म्होरं दोघं झाडू मारत पळतेत, ते काय खेळ हाय? मागल्या येळंला बघितलो होतो, डोस्क्यात काय बी शिरलं न्हाई.

मांजराकाठ (लातूर)

राजाभाऊ, ते कर्लिंग. मला तेच घ्यायचं होतं, बरं झालं विचारलंत. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते, सहन करा.

बर्फाची साधारण ४५ मीटर लांब पट्टी असते. टोकाला गोल आखलेली वर्तुळं. दगड साधारण १९ किलोचा, ग्रॅनाइटचा. हा ग्रॅनाइट स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या एल्सा क्रेग नावाच्या छोट्या बेटावरून येतो. तिथला दगड पाणी जवळजवळ शोषत नाही. एरवी दगडात पाणी शिरलं, गोठलं, फुगलं की कपरे उडतात. तसं इथं होत नाही.

दोन संघ आळीपाळीनं आठ-आठ दगड सोडतात. केंद्राच्या जवळ ज्याचा दगड, त्याला गुण. प्रतिस्पर्ध्याच्या सगळ्यात जवळच्या दगडापेक्षा तुमचे जितके दगड आत, तितके गुण. संपलं, एवढाच नियम. बाकी सगळं डोकं. आडवा दगड कुठं ठेवायचा, कुणाचा उडवायचा, शेवटचा दगड टाकायची पाळी स्वतःकडे कशी राखायची.

आता झाडू. बर्फ गुळगुळीत नसतो. खेळाआधी त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात, ते गोठून पुरळ आल्यागत खडबडीत होतं आणि दगड त्या टोकांवरून सरकतो. झाडूनं जोरात घासलं की वरचा थर किंचित तापतो, घर्षण कमी होतं, दगड लांब जातो आणि कमी वळतो. म्हणून लांबून आरडाओरडा चालू असतो, घासा, थांबा, पुन्हा घासा! मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढे आहे. फिरवत सोडलेला दगड नेमका का वळतो, यावर भौतिकशास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. टेबलावर पेला फिरवत सरकवला तर तो फिरण्याच्या उलट दिशेला वळतो, कर्लिंगचा दगड फिरण्याच्याच दिशेला. वर्गात हा प्रश्न टाकला की पोरं तासभर भांडतात.

कर्लिंगवाल्यांचा आणखी एक रिवाज: झाडू चुकून दगडाला लागला तर खेळाडू स्वतःच सांगतो. आणि हरणार हे कळलं की शेवटपर्यंत ताणत नाहीत, हात पुढे करून मोकळे होतात.

कुणावर लक्ष ठेवायचं? स्तेफानिया कोन्स्तान्तिनी. बीजिंगला मिश्र दुहेरीत अमोस मोसानेरसोबत एकही सामना न हरता सुवर्णपदक घेतलं. ती मूळची कोर्तिनाची आणि कर्लिंग कोर्तिनातच आहे, १९५६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या बर्फाच्या स्टेडियममध्ये. गावातल्या मैदानावर ऑलिंपिक खेळायचं भाग्य कितीजणांना मिळतं!

उदगिरी_राजा

मॅडम, आता कळलं. तुमच्या वर्गात बसायला पायजे होतो.

निवृत्त_फौजी (आष्टी, जि. बीड)

नमस्कार. बायथलॉन माझं. क्रॉस कंट्री स्की आणि रायफल, दोन्ही एकाच शर्यतीत. हा खेळ निघालाच सैन्याच्या गस्तीतून. १९२४ ला शामोनीत पहिलं हिवाळी ऑलिंपिक झालं तेव्हा "मिलिटरी पेट्रोल" नावानं तो होता.

पाठीवर किमान साडेतीन किलोची रायफल घेऊन चढ-उतार कापायचे, मग छाती भात्यासारखी हलत असताना ५० मीटरवर पाच गोळ्या. झोपून मारायचं तेव्हा लक्ष्य ४५ मिलिमीटरचं, उभ्यानं मारायचं तेव्हा ११५ मिलिमीटरचं. एक गोळी चुकली की १५० मीटरचा दंडाचा फेरा. एका जुन्या प्रकारात फेऱ्याऐवजी थेट एक मिनिट वेळेत वाढवतात. पाच सेकंदांनी पुढे असलेला माणूस शेवटच्या गोळीबारात दोन गोळ्या चुकवतो आणि दहावा येतो. हे नेहमी होतं, म्हणून शेवटच्या गोळीबाराच्या आधी टीव्ही बंद करू नका.

ज्यांनी सेवेत असताना गुलमर्गला हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचा कोर्स केलाय त्यांना माहीत असेल, स्की पायात अडकवल्यावर पहिले काही दिवस माणूस फक्त पडायला शिकतो. मराठवाड्यातून फौजेत गेलेली किती पोरं असतील जी गावात पावसाची वाट बघत वाढली आणि नोकरीत बर्फ उपसत राहिली. आमच्या तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळेच घ्या. महार रेजिमेंटमध्ये लागला, सियाचीनला राहिला. सैन्यातच क्रॉस कंट्री पळायला लागला आणि तिथून स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत. २०२२ ला राष्ट्रकुलमध्ये रौप्य, २०२४ ला पॅरिसच्या ऑलिंपिक फायनलमध्ये. मला नेहमी वाटतं, त्याला कुणी पोरवयात स्की दिल्या असत्या तर?

देवगिरीकर

फौजीकाका, कडक!

तुमच्यावरून एक आठवलं, मराठवाडा आणि हिवाळी ऑलिंपिक यांचा आणखी एक धागा. २०२० च्या अर्जुन पुरस्कारांच्या यादीत शिवा केशवनचं नाव होतं. त्याच यादीत आपल्या धाराशिवची खो-खोपटू सारिका काळे होती. आणि नाशिक जिल्ह्यातला रोइंगचा दत्तू भोकनळ. एकाच वर्षी बर्फ, माती आणि पाणी.

आजीची_गोधडी (नांदेड)

यादी बघून अंगावर काटा आला. मी फिगर स्केटिंग घेते, कुणी "त्यात काय, नाच तर आहे" म्हणायच्या आधीच सांगते की हा हिवाळी ऑलिंपिकपेक्षा जुना ऑलिंपिक खेळ आहे. १९०८ ला लंडनच्या उन्हाळी ऑलिंपिकमध्येच होता! १९२४ ला सोनिया हेनी नावाची ११ वर्षांची नॉर्वेची पोरगी उतरली, शेवटची आली. पुढच्या तिन्ही ऑलिंपिकना सुवर्णपदक तिचंच.

यंदा बघायचा तो अमेरिकेचा इलिया मालिनिन. ॲक्सल नावाची एकच उडी समोर तोंड करून घेतात आणि पाठमोरं उतरतात, म्हणून तिच्यात अर्धा फेरा जास्त. चौपट ॲक्सल म्हणजे हवेत साडेचार फेरे. स्पर्धेत ती कुणालाच जमली नव्हती, २०२२ मध्ये यानं पहिल्यांदा केली. वय तेव्हा १७.

आणि कोलांटउडी! अनेक वर्षं बंदी होती. १९९८ ला नागानोत फ्रान्सच्या सूर्या बोनालीनं, गुण कापले जाणार हे माहीत असूनही, मागे कोलांटी मारली आणि एका पायावर उतरली. दुखापतीमुळे पदक हातचं गेलंच होतं. आता ती बंदी उठलीय. यंदा कुणी मारली तर मला बोनालीच दिसणार आहे.

मांजराकाठताई, एक विचारायचं होतं. शाळेत शिकवलं होतं की स्केटच्या पात्याच्या दाबानं बर्फ वितळतो, म्हणून घसरतं. खरं का?

मांजराकाठ

अजून पुस्तकांत सापडतं ते, पण पुरेसं नाही. दाबानं बर्फाचा वितळणबिंदू उतरतो हे खरं, पण माणसाच्या वजनानं तो अगदी थोडा उतरतो. उणे दहाला बर्फ का घसरतो, ते त्यातून सुटत नाही. बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू आतल्या रेणूंइतके घट्ट बांधलेले नसतात, तिथं सैल हलता थर असतो. फॅरेडेनं १९ व्या शतकातच असा थर असावा असं सुचवलं होतं. त्यात पात्याच्या घर्षणाची उष्णता. दोन्ही मिळून काम होतं.

यंदा फिगर स्केटिंग आणि शॉर्ट ट्रॅक (छोट्या गोल पट्टीवरची स्केटची शर्यत) मिलानमधल्या एकाच स्टेडियममध्ये आहेत. उडीवाल्यांना बर्फ थोडा मऊ लागतो, पळणाऱ्यांना कडक. म्हणजे दोन खेळांच्या मधल्या वेळात बर्फाचं तापमान बदलायचं. पदक त्या कामगारांनाही द्यायला हवं.

फिरकी_गोलंदाज

सगळे रंगात आलात म्हणून मिठाचा खडा टाकतो. हे मुळात श्रीमंतांचे खेळ आहेत. स्की, बूट, उताराचा पास, प्रशिक्षक, परदेशातला सराव. आफ्रिकेतल्या एकाही देशाला आजवर हिवाळी पदक नाही. दक्षिण अमेरिकेला नाही. दक्षिण गोलार्धात एकदाही स्पर्धा झाली नाही. याला जागतिक कसं म्हणायचं?

बालाघाटचा_वारा

आकडे बरोबर आहेत आणि तक्रारही बरोबर आहे. हिवाळी पदकं मूठभर देशांतच फिरतात. आल्प्सच्या कुशीतलं लिश्टेनस्टाइन, आपल्या एखाद्या तालुक्यापेक्षाही कमी लोकवस्ती, त्यांच्याकडे १० पदकं आहेत. सगळी उतारावरच्या स्कीमधली. उन्हाळी ऑलिंपिकचं एकही नाही.

पण त्यामुळेच बाहेरून येणारे बघावेसे वाटतात. केनियाचा फिलिप बोइट. नागानोत १० किलोमीटर क्रॉस कंट्रीला शेवटून पहिला, ९२ वा. जिंकला होता नॉर्वेचा ब्योर्न डेली. तो पदक घ्यायला गेलाच नाही, वीसेक मिनिटं अंतिम रेषेपाशी थांबून राहिला. बोइट आला, त्याला मिठी मारली, मग पदक. बोइटनं पुढे पोराचं नाव डेली ठेवलं.

आणि दक्षिण अमेरिकेचं म्हणाल तर यंदा डाव उलटू शकतो. लुकास पिन्हेइरो ब्रोथेन. ओस्लोत जन्म, आई ब्राझीलची. आधी नॉर्वेकडून खेळायचा, मग ब्राझीलकडून उतरला. गेल्या नोव्हेंबरात फिनलंडच्या लेवीत त्यानं स्लॅलमची, म्हणजे खांबांमधून वळत उतरायच्या स्कीची, विश्वचषक शर्यत जिंकली. ब्राझीलचा तो पहिलाच विजय. तेव्हा फिरकीभाऊ, तुम्ही ब्राझील दत्तक घ्या.

आपल्याकडचं सांगायचं तर १९६४ ला इन्सब्रुकला जेरेमी बुजाकोव्स्की हा पोलंडमध्ये जन्मलेला स्कीपटू भारताकडून पहिल्यांदा उतरला. १९८८ ला कॅलगरीत शैलजा कुमार, हिवाळी ऑलिंपिकमधली पहिली भारतीय स्त्री. २०२२ ला बीजिंगमध्ये आरिफ खान एकटाच, हातात तिरंगा. टंगमर्गचा, वडिलांचं गुलमर्गला स्कीचं दुकान. जायंट स्लॅलममध्ये ४५ वा. निदान आरिफ तरी श्रीमंतांच्या क्लबातून आलेला नाही.

उदगिरी_राजा

वारा सर, तुमची अट मोडूलालो, माफी असावी. बर्फ आमच्याकडं बी हाय. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात गारा पडल्या, रान पांढरंफटक झालं होतं. ज्वारी आडवी, गहू गेला, द्राक्षवाल्यांचं तर इचारूच नका. तवा पोरं गारा खेळूलालती आन आई चुलीपशी गप बसलती. म्हणून मला ते पांढरं रान टीव्हीवर बघितलं की आधी पोटात गोळा येतो, मग बरं वाटतं.

बालाघाटचा_वारा

राजाभाऊ, अट रद्द.

मांजराकाठ

आणि ते टीव्हीवरचं पांढरंही आता बरंचसं यंत्रातून येतं. बीजिंगला जवळजवळ सगळा बर्फ कृत्रिम होता. पहिल्यांदा यंत्राचा बर्फ वापरला तो १९८० ला, लेक प्लॅसिडला. त्याच्याही आधी १९६४ ला इन्सब्रुकला बर्फच पडला नाही, तेव्हा ऑस्ट्रियाच्या सैन्यानं डोंगरावरून वाहून आणला होता.

यंत्र काय करतं? थंड, कोरड्या हवेत दाबाखाली पाण्याचे बारीक तुषार उडवायचे, खाली पडेपर्यंत ते गोठतात. हवा दमट असली की अवघड जातं. एक घनमीटर पाण्यातून साधारण दोन घनमीटर किंवा थोडा जास्त बर्फ. म्हणजे एक हेक्टर उतारावर फूटभर थर द्यायला दहा लाख लिटरच्या वर पाणी.

आता मी लातूरची आहे, पुढचं गणित आपोआप होतं. २०१६ ला मिरजेहून आमच्याकडे पाण्याची रेल्वे यायची. ५० वाघिणी, एका खेपेला साधारण २५ लाख लिटर. ते सगळं पाणी घातलं तर दोनेक हेक्टर उतार पांढरा होईल. इटलीत त्यासाठी डोंगरावर तळी बांधलीत. वसंतात बर्फ वितळून बरंच पाणी परत ओढ्यात जातं, हे मान्य. पण ते हिवाळ्यात, ओढे आटलेले असताना उचलायचं असतं, हा वादाचा मुद्दा तिथल्या लोकांनीही मांडलाय. मी खेळ बघणार आहे, मजेनं बघणार आहे, आणि बाजूला लिटरही मोजणार आहे. त्याला इलाज नाही.

म्यूनिकचा_माजलगावकर

उशीर झाला यायला. मी बॉबस्ले घेतो, म्हणजे दोघा-चौघांनी बसून पळवायची घसरगाडी, आणि एक नटबोल्टाची गोष्ट सांगतो.

१९६४, इन्सब्रुक. दोघांच्या बॉबस्लेत ब्रिटनच्या टोनी नॅश आणि रॉबिन डिक्सनच्या गाडीचा एक बोल्ट तुटला. इटलीच्या युजेनियो मोंतीची फेरी झालेली. त्यानं आपल्या गाडीचा बोल्ट काढून त्यांना पाठवला. ब्रिटिशांना सुवर्ण, मोंतीला कांस्य! इटलीत लोक चिडले, याच्यावर परिणाम शून्य. खिलाडूवृत्तीचं पिएर द कुबर्तां पदक पहिल्यांदा त्यालाच मिळालं. आणि चार वर्षांनी ग्रनोबलला, चाळिशीत, त्यानं दोन सुवर्णपदकं घेतली.

कोर्तिनाच्या घसरपट्टीला त्याचंच नाव आहे. जुनी बंद पडली होती, ती पाडून नवी बांधली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती म्हणत होती की एवढा खर्च नको, शेजारच्या देशातली वापरा. वेळेत झाली नसती तर पर्याय म्हणून लेक प्लॅसिड ठरवून ठेवलं होतं. म्हणजे इटलीच्या ऑलिंपिकचं ल्यूज-बॉबस्ले थेट अमेरिकेत! मार्च २०२५ मध्ये चाचणी झाली आणि प्रश्न मिटला.

फौजीकाका, तुमचं बायथलॉन अंतेरसेल्वाला आहे. इकडे सगळे अँटहोल्झ म्हणतात. म्यूनिकहून गाडीनं जाण्यासारखं आहे. इकडे बायथलॉनला जत्रेएवढी गर्दी होते, जर्मन माणूस एरवी हसत नाही तो तिथं भोंगा वाजवतो. तिकिटाचं जमलं तर फोटो टाकतो.

निवृत्त_फौजी

जरूर टाका. आणि गोळीबाराच्या जागेवर वाऱ्याचे छोटे झेंडे असतात, त्यांचाही एक फोटो घ्या.

दुधना (सेलू)

नवीन खेळ कुणी घेतला नाही अजून? मग स्की माउंटेनियरिंग माझं! यंदा पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये. स्कीच्या तळाला घसरू न देणारी पट्टी चिकटवायची आणि डोंगर चढायचा. मध्येच स्की काढून पाठीवर अडकवायच्या, बुटांनी पायऱ्या चढायच्या, पुन्हा स्की, मग पट्टी ओढून काढायची आणि खाली सुसाट. स्प्रिंट तीनेक मिनिटांत संपते. पट्टी नीट निघाली नाही, पिशवीची कडी लागली नाही की खेळ खलास. स्त्रिया, पुरुष आणि मिश्र रिले, तीन पदकं, बोर्मिओत. मी ट्रेकवाली आहे, त्यामुळे कुणीतरी वर चढतंय हेच बघायला बरं वाटतं. बाकी सगळे लिफ्टनं वर जाऊन खालीच येतात.

स्त्रियांसाठी आणखी एक मोठी गोष्ट: क्रॉस कंट्रीत यंदा पहिल्यांदा बायकांना आणि पुरुषांना सारखी अंतरं. म्हणजे ५० किलोमीटर त्याही पळणार. फक्त नॉर्डिक कम्बाइंड, स्की जम्पिंग आणि क्रॉस कंट्री एकत्र असलेला प्रकार, अजून पुरुषांपुरताच आहे. २०२६ साली!

आजीची_गोधडी

दुधना, हे वाचून संताप आला. पण थांब, वयाचीही एक गंमत. लिंडसी व्हॉन, अमेरिकेची. २०१९ ला निवृत्त झाली, गुडघ्यात टायटॅनियम बसवलं, परत आली. गेल्या डिसेंबरात सेंट मॉरिट्झला डाउनहिल, म्हणजे उतारावरची सुसाट स्की शर्यत, जिंकली. वय ४१! बायकांची डाउनहिल कोर्तिनात आहे आणि तिथं तिनं विश्वचषकाच्या १२ शर्यती जिंकल्यात. माझे गुडघे जिना उतरताना वाजतात, म्हणून एका खेळाच्या नियमातून सूट मागते. ही बाई पण माझी.

फिरकी_गोलंदाज

काल रात्री सहज एक व्हिडिओ लावला आणि दोन वाजले. स्टीव्हन ब्रॅडबरी, ऑस्ट्रेलिया. हा माणूस मला आधी कुणी का सांगितला नाही?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २००२, सॉल्ट लेक सिटी, शॉर्ट ट्रॅक १००० मीटर. उपांत्यपूर्व फेरीत तिसरा आला, पुढच्याला बाद केलं म्हणून वर गेला. उपांत्य फेरीत पुढचे पडले, म्हणून फायनल. फायनलमध्ये मुद्दाम मागे राहिला, कारण इतरांच्या वेगाला आपण पुरत नाही हे त्याला माहीत होतं. शेवटच्या वळणावर पुढचे चौघे एकमेकांत अडकून आडवे. हा मागून उभ्यानं आला आणि दोन्ही हात वर. ऑस्ट्रेलियाचं पहिलं हिवाळी सुवर्ण! लोक नशीब म्हणतात. याच माणसाच्या मांडीत १९९४ ला दुसऱ्याच्या स्केटचं पातं घुसलं होतं, १११ टाके. २००० ला मान मोडली होती. एवढं झाल्यावर शेवटच्या वळणावर नुसतं उभं राहणंही फुकट मिळत नाही.

शॉर्ट ट्रॅक माझं. ब्राझील पण ठेवतो.

देवगिरीकर

विकेट पडली. 😄

उदगिरी_राजा

माझं ऱ्हायलंच की. सगळं वाटून झालं. क्रॉस कंट्री कुणी घेतलंय का?

बालाघाटचा_वारा

मोकळं आहे, राजाभाऊ. आणि सगळ्यात मोठा माणूस तिथंच आहे. नॉर्वेचा योहान्नेस क्लेबो. त्याच्याकडे आधीच ५ ऑलिंपिक सुवर्णं आहेत. गेल्या वर्षी त्रोंदहाइमच्या जागतिक स्पर्धेत सहाच्या सहा शर्यती जिंकला. चढावर बाकीचे स्की घासत जातात, हा अक्षरशः पळत सुटतो. तेच इथं केलं तर काय होईल, यावर नॉर्वेत सध्या दुसरी चर्चा नसेल. शर्यती व्हाल दी फिएम्मेत, दिवसाउजेडी, म्हणजे आपल्याकडे दुपार-संध्याकाळ.

उदगिरी_राजा

घेतलो. पण दुपारी लाईट नसती, वायफाय बंद. मोबाईलवरच बघतो, डेटा टाकून ठिवतो.

मांजराकाठ

एक राहिलं, मिश्र दुहेरी कर्लिंग ४ तारखेलाच सुरू होतंय, उद्घाटनाच्या दोन दिवस आधी. कुणी ६ ची वाट बघत बसू नका. राजाभाऊ, तुमचा दगड-झाडूचा प्रश्न होता, पहिला सामना तुम्ही बघायचा आणि इथं लिहायचं.

उदगिरी_राजा

लिवतो मॅडम. आता लाईट आली, हरभऱ्याला पाणी द्यायला जाऊलालो.